नागरिकांचे युद्धकालीन मदतकार्य

युद्ध, वेढा किंवा शासनव्यवस्थेची पडझड यांमुळे ज्या प्रदेशात अधिकृत मदतयंत्रणा पोहोचत नाही, अथवा पोहोचूनही माघार घेते, तेथील सामान्य रहिवाशांनी स्वतःहून उभारलेले अन्न, औषधोपचार, आश्रय व सुटकेचे काम. ते करणारे बहुधा शिक्षक, विद्यार्थी, परिचारिका, वाहनचालक, दुकानदार व गृहिणी असतात आणि त्यांतील पुष्कळजण स्वतःच आपद्ग्रस्त असतात. बाहेरची मदत येण्यापूर्वीचे पहिले दिवस आणि ती थांबल्यानंतरचे महिने बहुतांशी यांच्याच आधारावर निभावले जातात.

या कार्याचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. संघटित मदतकार्याचा इतिहास सामान्यतः २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत झालेल्या सोल्फेरिनोच्या लढाईपासून सांगितला जातो आणि त्याचे श्रेय जिनिव्हाचे व्यापारी आंरी द्यूनां यांना दिले जाते. द्यूनां यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतामुळे रेड क्रॉस चळवळीला चालना मिळाली, हे निर्विवाद आहे. परंतु लढाईनंतर कास्तिल्योने या लहान गावात आणलेल्या हजारो जखमींची शुश्रूषा प्रामुख्याने तेथील स्त्रियांनी व इतर गावकऱ्यांनी केली आणि शत्रुपक्षाच्या सैनिकांनाही वगळले नाही, हे त्याच वृत्तांतावरून दिसते. दुसऱ्या मताप्रमाणे अशा सेवेची मुळे धर्मपरंपरांतील दानधर्मात व ग्रामसमाजांच्या परस्परसाह्यात असून ती कोणत्याही एका लढाईपर्यंत नेता येत नाहीत. प्रथा म्हणून पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कायदेशीर संरक्षणाचा प्रारंभ मात्र सोल्फेरिनोनंतरचाच होय.

युद्धातील जखमी सैनिकांच्या संरक्षणासाठी राष्ट्रांनी केलेल्या २२ ऑगस्ट १८६४ च्या पहिल्या जिनिव्हा कराराचे पाचवे कलम या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. जखमींना साह्य करणाऱ्या रहिवाशांचा आदर राखावा व त्यांना मुक्त राहू द्यावे, जखमी सैनिक ज्या घरात आश्रयाला असेल त्या घरास संरक्षण मिळावे आणि अशा घरमालकास सैन्याला निवारा देण्याच्या सक्तीतून व युद्धकराच्या काही भागातून सूट असावी, असे त्यात म्हटले होते. म्हणजे कोणत्याही संस्थेचा सदस्य नसलेल्या माणसाला आंतरराष्ट्रीय कायद्याने आरंभीच मान्यता दिली होती. पुढे १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात या सवलतींचा गैरफायदा घेतला गेल्याच्या तक्रारी झाल्या आणि १९०६ च्या सुधारित करारात हा अधिकार बराच संकुचित झाला : लष्करी अधिकाऱ्यांनी आवाहन करावे आणि रहिवाशांनी त्यांच्या देखरेखीखाली शुश्रूषा करावी, एवढेच उरले. दुसऱ्या महायुद्धातील व्याप्त प्रदेशांच्या अनुभवानंतर १९४९ च्या चार जिनिव्हा करारांपैकी पहिल्याच्या अठराव्या कलमाने ‘स्वयंस्फूर्त’ साह्याचा हक्क पुन्हा दिला आणि जखमी किंवा आजारी माणसाची शुश्रूषा केल्याबद्दल कोणालाही कधीही त्रास देता येणार नाही वा दोषी ठरवता येणार नाही, असे स्पष्ट केले. या करारांना जोडलेल्या, अंतर्गत युद्धांसाठी असलेल्या १९७७ च्या दुसऱ्या पूरक कराराच्या (प्रोटोकॉलच्या) अठराव्या कलमातही नागरिक स्वतःहून जखमींना गोळा करण्याची व त्यांची काळजी घेण्याची तयारी दर्शवू शकतात, असे नमूद आहे.

तथापि ही सर्व कलमे मुख्यतः जखमी व आजारी यांच्याविषयी आहेत. उपाशी वस्तीला धान्य पोहोचवणे हे त्यांत आपोआप बसत नाही. अन्नसाह्याच्या तरतुदी निःपक्षपाती मदतमोहिमा व संबंधित पक्षाची संमती यांच्याभोवती रचलेल्या आहेत. त्यामुळे चुलीवर शंभर माणसांचे अन्न शिजवणाऱ्या स्त्रीला नागरिक म्हणून असलेले सर्वसाधारण संरक्षण मिळते. मदतकर्मी म्हणून असलेले विशेष संरक्षण तिला लागू होते की नाही, हे विवाद्य राहते. आजच्या उपेक्षित युद्धांत मृत्यूचे मोठे कारण उपासमार व साथीचे रोग हे असताना ही उणीव लहान म्हणता येत नाही.

अलीकडच्या उदाहरणांत सुदानचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानी सैन्य व ‘जलद साह्य दल’ (आरएसएफ) हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटल्यावर बहुतेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी खार्टूममधून आपले कर्मचारी हलवले आणि वस्तीवस्तीतील तरुणांनी ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्ष’ स्थापन केले. त्यांची घडण लोकशाहीवादी आंदोलनातील प्रतिकार समित्यांच्या जाळ्यातून व ‘नफीर’ या सामूहिक श्रमाच्या जुन्या प्रथेतून झाली, असे सामान्यतः मानले जाते. परदेशस्थ सुदानी लोक मोबाइल बँकिंगच्या साह्याने पैसे पाठवत, स्वयंसेवक स्थानिक बाजारात मिळेल ते धान्य घेत आणि सामुदायिक स्वयंपाकघरांत ते शिजवले जाई. या पद्धतीत मालाचे ताफे व गोदामे लागत नसल्यामुळे नाकेबंदीतही काम चालू राही. पण दूरसंचार यंत्रणेवर ती पूर्णपणे विसंबून असल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये संपर्क तुटताच अनेक चुली विझल्या आणि २०२५ च्या आरंभी अमेरिकी निधी थांबल्यावर आणखी शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली. दोन्ही लढाऊ पक्षांनी स्वयंसेवकांवर शत्रूला सामील असल्याचा संशय घेतला. अनेकांना अटक झाली, काही मारले गेले. या कक्षांना २०२५ मध्ये राफ्टो पुरस्कार व राइट लाइव्हलीहूड पुरस्कार देण्यात आले.

म्यानमारच्या पूर्व सीमाभागात १९९८ पासून आरोग्यसेवकांची पथके पाठीवर औषधे घेऊन डोंगराळ वाटांनी विस्थापितांपर्यंत जात आहेत. सीरियातील बचावपथकांतही प्रारंभी पूर्वी वेगळे व्यवसाय करणारे रहिवासी मोठ्या संख्येने होते.

निधीच्या बाबतीत मे २०१६ मध्ये इस्तंबूल येथील जागतिक मानवतावादी परिषदेत देणगीदार व मोठ्या संस्थांनी २०२० पर्यंत २५ टक्के निधी स्थानिक व राष्ट्रीय संस्थांना शक्य तितक्या थेटपणे देण्याचे मान्य केले. प्रत्यक्षात थेट मिळणारा वाटा त्यानंतरही पाच टक्क्यांच्या आतच घोटाळत राहिला आहे. हिशेबतपासणी, नोंदणी व दहशतवादविरोधी कायद्यांच्या अटी ही याची कारणे सांगितली जातात. यांपैकी हिशेबाची अट रास्त आहे; परंतु नोंदणीची अट घालताना नोंदणी करणारे सरकारच युद्धातील एक पक्ष असते आणि नावे दिल्याने स्वयंसेवकाच्या जिवाला धोका वाढतो, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

जीवितहानीची मोजणी अपुरी आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ साली ३८३ मदतकर्मी मारले गेल्याचे जाहीर केले असून त्यांतील बहुसंख्य आपापल्या देशांतच काम करत होते. असे आकडे मुख्यतः संस्थांशी संलग्न व्यक्तींचे असतात. असंलग्न स्वयंसेवकांचे मृत्यू पुष्कळदा सामान्य नागरिकांच्या मृत्यूंत मिसळून जातात. सुरक्षा परिषदेच्या मे २०२४ मधील ठराव क्र. २७३० मध्ये राष्ट्रीय व स्थानिक पातळीवर नेमलेल्या कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आला. कोणीही न नेमता काम करणाऱ्यांचे स्थान मात्र अद्याप बव्हंशी १९४९ व १९७७ च्या कलमांवरच अवलंबून आहे.