पॅलीयुडिप्टीस अंटार्क्टिकस

न्यूझीलंडमधील एक विलुप्त, मोठ्या आकाराची पेंग्विन जाती. शास्त्रीय वर्णन झालेला हा पहिला जीवाश्म पेंग्विन होय. टॉमस हेन्‍री हक्सली यांनी १८५९ मध्ये केवळ एका अपूर्ण अस्थीवरून ही प्रजाती (जीनस) व जाती (स्पीशीज) स्थापली. नावाचा अर्थ ‘दक्षिणेकडील प्राचीन, उत्तम पाणबुड्या पक्षी’ असा होतो. ‘अंटार्क्टिकस’ या शब्दावरून मूळ नमुना अंटार्क्टिकात सापडला असे समजू नये.

ही अस्थी पायाची, गुल्फ (घोट्याची हाडे) व प्रपद (तळपायाची हाडे) यांच्या सायुज्यातून म्हणजे एकत्र जुळण्यातून बनलेली आहे. पेंग्विनांत ती आखूड व रुंद असते आणि तिचे तीन घटक खोबणींमुळे वेगळे ओळखू येतात. त्यामुळे एवढ्याशा तुकड्यावरूनही कुल ठरविता आले. नमुना वॉल्टर मँटेल (इग्वॅनोडॉन या डायनोसॉरचे वर्णन करणाऱ्या गिडियन मँटेल यांचे पुत्र) यांच्यामार्फत हक्सलींकडे गेला. मँटेल यांना तो एका माओरी व्यक्तीकडून मिळाला, अशी नोंद आहे. त्या व्यक्तीचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. सध्या नमुना लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे.

वाद आहे तो कालाचा. उगमस्थान दक्षिण बेटावरील ओटागो भागातील काकानुई येथील चुनखडक असे सांगितले जाते. परंतु हा नमुना नेमका कोणत्या थरातला, हे त्या वेळी नोंदले गेले नाही. या परिसरात आदिनूतन (इओसीन) कालाच्या अखेरचे आणि त्यानंतरच्या ऑलिगोसीन कालाच्या आरंभीचे असे दोन्ही चुनखडक आढळतात. त्यांमधील सीमा सु. ३.३९ कोटी वर्षांपूर्वीची मानतात. त्यामुळे ‘उत्तर आदिनूतन किंवा पूर्व ऑलिगोसीन’ एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित वाटते.

जेम्स हेक्टर यांनी १८७२ मध्ये नेल्सनच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका महाकाय पेंग्विनाचे अवशेष याच जातीत घातले. पुढे न्यूझीलंडमधील मोठ्या पेंग्विनांची हाडे सवयीने याच नावाखाली जमा होत गेली. डब्ल्यू. आर. बी. ऑलिव्हर (१९३०) व बी. जे. मार्पल्स (१९५२) यांनी पॅकिडिप्टीस, प्लॅटिडिप्टीस इ. प्रजाती वेगळ्या केल्या. जी. जी. सिम्पसन यांनी १९७१ मध्ये या सर्व सामग्रीचा पुन्हा आढावा घेतला. काटेकोरपणे पाहिल्यास मूळ अस्थीपलीकडचे काहीही निःशंकपणे या जातीचे म्हणता येत नाही. उंचीचे अंदाज (सु. १.१ ते १.४ मी.) हे बव्हंशी अशा संदिग्ध हाडांवर आधारलेले आहेत. तुलनेसाठी, सम्राट पेंग्विनाची उंची सु. १.२ मी. पर्यंत असते.

प्रजातीतील इतर जाती: पॅ. मार्प्लेसी (न्यूझीलंड), तसेच सीमूर बेटावरील पॅ. गुन्नारी व पॅ. क्लेकोव्स्की (अंटार्क्टिका). शेवटच्या जातीची चोचीपासून पायाच्या बोटांपर्यंतची लांबी सु. २ मी. असावी, असा अंदाज २०१४ मध्ये मांडला गेला. ती उभ्या पक्ष्याची उंची नव्हे. या सर्व जाती एकाच पूर्वजाच्या शाखा आहेत का, याविषयी अलीकडील वर्गीकरणांत शंका व्यक्त झाली आहे.