राजापूरची जागा आणि विरोधी बाकांवरून मांडलेले कोकण

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की मराठी खासदारांच्या दोन-तीन मिनिटांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागतात. कुणी कांद्याच्या निर्यातीवर बोलतो, कुणी आपल्या स्थानकावर गाडीला थांबा मागतो, कुणी मुंबई-गोवा महामार्ग कधी पूर्ण होणार ते विचारतो आणि त्याच दमात राज्यघटना, निवडणूक आयोग, बेरोजगारी असे विषयही घेतो. गावचा प्रश्न आणि देशाचा प्रश्न एकाच तोंडाने मांडायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. ती कशी घडली हे पाहायचे तर महाराष्ट्रात राजापूरइतका चांगला मतदारसंघ सापडणार नाही. १९५७ ते १९९१ अशी चौतीस वर्षे या जागेवरून विरोधी पक्षांचे दोनच नेते लोकसभेत गेले, आधी बॅरिस्टर नाथ पै आणि मग मधु दंडवते. मधले सत्तेचे दोन छोटे कालखंड वगळले तर हा सगळा काळ त्यांनी विरोधी बाकांवर काढला.

आधी थोडे हत्यारांविषयी. विरोधी खासदाराला सभागृहात बोलायला वाट मिळते ती नियमांतून. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. दिवसाला असे वीस प्रश्न यादीत असतात, पण तासाभरात जेमतेम पाच-सहा चर्चेला येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. वर्तमानपत्रांत ‘केंद्राची संसदेत माहिती’ म्हणून जे आकडे छापून येतात, ते बहुधा या लेखी उत्तरांतले. तातडीच्या विषयासाठी लक्षवेधी सूचना आणि सरकारला कोंडीत पकडायचे असेल तर स्थगन प्रस्ताव. शून्य प्रहराचा नियमावलीत कुठे उल्लेखच नाही. प्रश्नोत्तराचा तास संपल्यावर बाराच्या ठोक्याला उभे राहून बोलायची पद्धत साठच्या दशकात रूढ झाली, तीच पुढे कायम झाली. मंत्र्याने तिथे उत्तर द्यायलाच हवे असे बंधन नाही. नियम ३७७ खाली तर आधी मंजूर झालेला छोटा मजकूर तेवढा वाचायचा, उत्तर नंतर पत्राने येते. शुक्रवारी दुपारनंतरचा वेळ खासगी विधेयकांचा. स्वातंत्र्यापासून आजवर अशी फक्त १४ विधेयके कायदा झाली आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे.

म्हणजे मागण्याच्या वाटा पुष्कळ, मिळण्याच्या थोड्या. या अडचणीतून कसबी माणूस काय काढतो, ते राजापूरकडे पाहिल्यावर कळते.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर झाली. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठिंब्यावर प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै निवडून आले. वेंगुर्ल्यात जन्मलेले, बेळगावात शिकलेले, इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतलेले पस्तिशीतले तरुण. त्यांचा मतदारसंघ म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला अजून चोवीस वर्षे होती. घरटी एक माणूस मुंबईत गिरणीत किंवा गोदीत आणि चूल पेटायची ती मनीऑर्डरवर. रेल्वे नव्हती. किनाऱ्याने बोटी चालत, पण पावसाळ्यात त्याही बंद होत. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेवर माणसे गेली. त्या आठवणी घरोघर ताज्या होत्या. अशा भागातला खासदार रेल्वे मागणारच. नाथ पैंनी ती मागितली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांच्या मतदारसंघाच्या हद्दीला लागून पोर्तुगीजांचा गोवा होता आणि पलीकडे बेळगावचा सीमाप्रश्न धुमसत होता. गावची गोष्ट सांगायला उभे राहिले की परराष्ट्र धोरण आणि राज्यपुनर्रचना आपोआप तोंडात यायची. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. सीमाप्रश्नावर १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, पण तो प्रश्न आजही न्यायालयात आहे.

नाथ पैंचे इंग्रजी वक्तृत्व हा दंतकथेचा विषय आहे. ते उभे राहिले की नेहरू सभागृहात येऊन बसत, असे कोकणात आजही सांगतात. मला मात्र त्यांचे मोठेपण एका कोरड्या कागदात दिसते.

२७ फेब्रुवारी १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने न्यायालय म्हणाले की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. निकालाने अडचण झाली होती ती सरकारची, पण घटनादुरुस्ती विधेयक आणले विरोधी बाकांवरच्या खासदाराने. संसदेला घटनेचे कुठलेही कलम दुरुस्त करता यावे, असे नाथ पैंचे म्हणणे होते. जमीनसुधारणा आणि समाजवादी कायदे न्यायालयात अडकू नयेत, हा त्यामागचा विचार. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर वाद झडला. मूलभूत हक्क बहुमताच्या हाती देणे धोक्याचे आहे, असे म्हणणारे लोक विरोधकांतही होते. आणीबाणीचा अनुभव गाठीशी असलेल्या आजच्या वाचकाला त्यांचेही पटेल, मलाही बरेचसे पटते. पण एका खासगी विधेयकाने संसद आणि न्यायालय यांच्यातला सर्वांत मोठा प्रश्न तीन वर्षे सभागृहासमोर ठेवला, हे नाकारता येत नाही.

२७ डिसेंबर १९७० ला लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक लोपले. तीन आठवड्यांनी, १७ जानेवारीला, नाथ पै बेळगावात सीमालढ्याच्या हुतात्मा दिनी बोलले आणि १८ जानेवारी १९७१ ला हृदयविकाराने गेले. वय अवघे अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने २४ वी घटनादुरुस्ती करून त्यांच्या विधेयकातली मुख्य गोष्ट स्वतःची केली. पुढे २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने संसदेचा अधिकार मान्य केला, मात्र घटनेच्या मूळ चौकटीला हात लावायचा नाही असे कुंपण घातले.

१९७१ च्या मार्चमध्ये इंदिरा लाट आली. महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने घेतल्या. उरलेल्या तिघांत एक राजापूरचे मधु दंडवते. अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात गेलेले. कोकणी माणसाने बाहेरचा म्हणून त्यांना कधी दूर लोटले नाही. नाथ पै आवाज चढवत तिथे दंडवते आकडे मांडत, आणि मधूनच असा विनोद करत की समोरचा मंत्रीही हसे.

त्या लोकसभेत विरोधक मूठभर होते आणि म्हणूनच नियमांचे पुस्तक त्यांच्या कामाचे झाले. या बाबतीत गुरू मानायचे ते पुण्याचे मधु लिमये. ते बिहारमधल्या मुंगेरहून १९६४ साली पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत आले आणि हक्कभंग, औचित्याचा मुद्दा, कागदपत्रे पटलावर ठेवण्याची मागणी या साध्या वाटणाऱ्या तरतुदींनी त्यांनी मंत्र्यांना घाम फोडला. १९७४ चे तुलमोहन राम प्रकरण हा त्याचा नमुना. पाँडिचेरीच्या व्यापाऱ्यांना आयात परवाने मिळावेत म्हणून २१ खासदारांच्या सह्यांचे निवेदन गेले होते आणि त्यांतल्या बहुतेक सह्या खोट्या होत्या. लिमये, दंडवते आणि इतर विरोधकांनी तपासाची कागदपत्रे संसदेपुढे आणा म्हणून अधिवेशनामागून अधिवेशन लावून धरले. एका परवान्याच्या फायलीवरून सरकारची पत कशी जाते, ते त्या वर्षी दिसले.

मग २६ जून १९७५, आणीबाणीची सकाळ. दंडवते त्या दिवशी बंगळूरला होते, तेही संसदेच्याच कामासाठी. पक्षांतरबंदीच्या विधेयकावरच्या संयुक्त समितीची बैठक होती. वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र तिथेच होते. चौघांनाही तिथेच अटक झाली. पत्नी प्रमिला दंडवते येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. पुढच्या महिन्यात संसद भरली तेव्हा प्रश्नोत्तराचा तास आणि खासगी कामकाज रद्द करून फक्त सरकारी कामकाज चालवायचे, असा ठराव झाला. विचारणारे बरेचसे गजाआड होतेच, आता विचारायची सोयही गेली. लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा लिमये आणि शरद यादव यांनी तुरुंगातूनच राजीनामे दिले.

१९७७ मध्ये बाजू पालटली आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच जाडीचा फोम आला तो त्यांच्या काळात. आज कुठल्याही स्लीपर डब्यात पाठ टेकतो ती त्या निर्णयावर. कोकणच्या मार्गापैकी आपटा-रोहा या टप्प्याला त्यांनी चालना दिली. सरकार १९७९ मध्ये पडले, दंडवते परत विरोधी बाकांवर गेले आणि रोह्याला गाडी पोहोचायला १९८६ उजाडले. पुढे सावंतवाडीपर्यंतचा माणूस अजून एसटीतच रात्र काढत होता.

कोकण रेल्वे का रखडली याची कारणे राजकारणापेक्षा जमाखर्चात जास्त होती. सह्याद्रीच्या सोंडा, खाड्या, कोसळणारी जांभ्याची माती, त्यामुळे बोगदे आणि पूल यांचा प्रचंड खर्च. रेल्वेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी थोडी थोडी रक्कम मिळून हा मार्ग व्हायला पिढी गेली असती. अ. ब. वालावलकरांसारख्यांनी मार्गाचा ध्यास घेतला, दंडवत्यांनी संसदेत पाठपुरावा केला, तरी पैशाचे कोडे सुटत नव्हते.

ते सुटले डिसेंबर १९८९ नंतर. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री. मंगळूरचा माणूस आणि राजापूरचा खासदार, म्हणजे त्या मार्गावरची दोन माणसेच मंत्रिमंडळात बसली होती. १९ जुलै १९९० ला स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा पैसा रोख्यांतून उभा करायचा. प्रमुख म्हणून ई. श्रीधरन आले. सरकार नोव्हेंबरात पडले, पण महामंडळ कायद्याने उभे राहिलेले होते, त्यामुळे काम थांबले नाही. ७४१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला.

आणि त्या आधीच, १९९१ मध्ये, राजापूरच्या मतदारांनी दंडवत्यांना पाडले होते. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. रुळांचे काम डोळ्यांसमोर चाललेले असताना हे घडले, याचे कोकणाबाहेरच्या लोकांना फार नवल वाटले. कोकणात कमी वाटले. शिवसेना गावागावांत पोहोचली होती, मुंबईतल्या चाकरमान्याचे राजकारण बदलले होते आणि समाजवादी कार्यकर्त्यांची फळी म्हातारी झाली होती. १९९६ पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू चार वेळा तिथून गेले. पुढे तेही रेल्वेमंत्री झाले, मात्र राज्यसभेतून. २००९ च्या निवडणुकीपर्यंत मतदारसंघांची पुनर्रचना झाली होती आणि राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले.

मधल्या काळात विरोधी खासदाराचे काम बरेच बदलले. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला आणि व्हीपबाहेर, म्हणजे पक्षाच्या आदेशाविरुद्ध, मत देणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात आले. नव्वदच्या दशकात कामकाज दूरदर्शनवर दिसू लागले, आता प्रत्येक भाषणाची वेगळी चित्रफीत निघते. त्यामुळे बोलणे सभागृहासाठी कमी आणि मतदारसंघासाठी जास्त होते, ही तक्रार खरी आहे. शून्य प्रहरासाठी आधी सूचना देऊन सोडतीत नाव यावे लागते. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले, त्यांत महाराष्ट्राच्या सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हेही होते. २०२४ च्या निवडणुकीत राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, म्हणजे महाराष्ट्रातून बऱ्याच काळाने विरोधकांची मोठी तुकडी दिल्लीत बसली आहे.

कोकणचा विषय तिथे अजून निघतोच, फक्त मागणी उलटी झाली आहे. १९९० मध्ये महामंडळ हा तोडगा होता. आता तेच अडचण ठरले आहे. कोकण रेल्वे भारतीय रेल्वेचा विभाग नसल्याने तिला दुहेरीकरणासाठी आणि स्थानकांच्या सुधारणेसाठी अंदाजपत्रकातून थेट पैसा मिळत नाही. रोहा ते वीर एवढाच टप्पा दुपदरी झाला आहे आणि गणपतीच्या गाड्या क्रॉसिंगला तासन्‌तास उभ्या राहतात. महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करा, असे कोकण आणि किनारी कर्नाटकातले खासदार संसदेत मागत आले. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने त्याला संमती दिली. अट घातली की विलीनीकरणानंतरही ‘कोकण रेल्वे’ हे नाव राहावे आणि राज्याने गुंतवलेले ३९६ कोटी ५४ लाख रुपये परत मिळावेत.