जाहिरातीतील घोषवाक्य

जाहिरातीतील घोषवाक्य म्हणजे मालाच्या नावाला जोडून वर्षानुवर्षे तेच ते ऐकवले जाणारे छोटे वाक्य. त्याचा इंग्रजी प्रतिशब्द 'स्लोगन' मूळचा स्कॉटिश गेलिक भाषेतला, अर्थ रणगर्जना. घोषवाक्य ग्राहकापुढे पुरावा मांडत नाही. ते ओळख वाढवते, आणि ओळखीच्या गोष्टीवर माणूस चटकन विश्वास टाकतो.

हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, पुन्हा पुन्हा समोर आलेले विधान, खरे असो वा खोटे, लोकांना अधिक खरे वाटू लागते. यमकाचेही तसेच. २००० साली मॅक्ग्लोन आणि तोफिघबख्श यांनी यमक असलेल्या अपरिचित म्हणी घेऊन शब्द बदलून यमक मोडले. अर्थ तोच राहिला, तरी मोडलेली म्हण लोकांना कमी खरी वाटली. शब्दांची गोडी आणि आशय वेगळे ठेवा, असे आधी बजावले की हा फरक ओसरत असे.

जाहिरातलेखिका फ्रान्सिस गेरेटी यांनी १९४७ मध्ये डी बियर्स या हिरे विकणाऱ्या कंपनीसाठी 'अ डायमंड इज फॉरेव्हर' (हिरा कायमचा असतो) हे चार शब्द लिहिले. हिऱ्याचा भाव, वजन, शुद्धता यांतले त्यात काहीच नाही. 'कायमचा' हा दगडाचा गुण अलगद लग्नाच्या नात्याला चिकटतो, आणि नात्याची खूण विकायला कोण काढणार? लोकांकडचे हिरे बाजारात परत न येणे विक्रेत्याच्या पथ्यावरच पडते. एवढे काम लांबलचक माहितीपत्रकाने खचितच झाले नसते.

पटवण्याचा हेतू जाणवला, की मात्र उलटेही घडते. लारान, डाल्टन आणि आंद्रादे यांच्या २०११ मधील प्रयोगांत बचत सुचवणारी घोषवाक्ये वाचून लोक जास्त खर्चाला तयार झाले. स्वस्ताईसाठी ओळखली जाणारी नुसती नावे दाखवली, तेव्हा खर्च घटला. नावामागे कोणी आपल्याला पटवत आहे असे वाटत नाही, वाक्यामागे वाटते. वाक्याच्या कल्पकतेकडे लक्ष वळवल्यावर हा विरोध मावळला.

रुजलेला दावा उपटणे फार कठीण. लिस्टरीन या गुळण्या करण्याच्या द्रवाच्या जाहिराती कित्येक दशके सर्दी आणि घसादुखी टाळण्याचा दावा करीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी व्यापार आयोगाने तो खोटा ठरवून १९७५ मध्ये त्याची दुरुस्ती करणाऱ्या जाहिराती देण्याचा आदेश कंपनीला दिला. १९७७ मध्ये अपील न्यायालयाने हा आदेश मुख्यतः उचलून धरला. त्या जाहिराती दाखवून झाल्यावरही अनेक ग्राहकांचा जुना समज कायम होता.