फ्यूजनिझम

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेतील परंपरावादी आणि लिबर्टेरियन (व्यक्तीच्या जीवनात व बाजारात शासनाचा हस्तक्षेप कमीत कमी असावा असे मानणारे) यांना एकत्र आणणारी उजवी विचारधारा. विल्यम एफ. बकली यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकातून ती आकाराला आली. तात्त्विक मांडणी मुख्यतः फ्रँक मायर यांची. माणसाने सदाचारी असावे हे खरे, पण सक्तीने पाळायला लावलेला सदाचार हा सदाचारच नव्हे, म्हणून शासनाने व्यक्तीला मोकळे सोडावे, असा मायर यांचा युक्तिवाद होता.

तो दोन्हीकडे पुरता पटला नाही. रसेल कर्क यांच्यासारख्या परंपरावाद्यांना व्यक्तिस्वातंत्र्याचे स्तोम खटकत असे, तर मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी १९६० मध्ये आपण परंपरावादी का नाही हे निबंध लिहूनच सांगितले. तरीही युती टिकली ती साम्यवादाच्या धास्तीमुळे.

टोकाच्या गटांचे काय करायचे, हा प्रश्न अधिक अवघड ठरला. जॉन बर्च सोसायटी या कट्टर साम्यवादविरोधी संघटनेचे (स्थापना १९५८) संस्थापक रॉबर्ट वेल्च यांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाच साम्यवादी कटाचे हस्तक ठरवले होते. बकली यांनी १९६२ मध्ये वेल्च यांच्यावर टीका केली, पण सभासदांना दुखावले नाही. कारण १९६४ मधील राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्यासाठी राबणारे अनेक कार्यकर्ते या सभासदांतलेच होते. संपूर्ण संघटनेशी फारकत घ्यायला १९६५ उजाडले. या फारकतीचे गोडवे गायले जातात. मात्र १९५७ मध्ये दक्षिणेतील गोऱ्यांच्या राजकीय वर्चस्वाची पाठराखण याच नियतकालिकाच्या संपादकीयाने केली होती, हे विसरून तिचे मोल ठरवता येत नाही.

युतीतली उघड फूट पडली ती सक्तीच्या लष्करभरतीवरून. परंपरावादी व्हिएतनाम युद्धाच्या बाजूने होते, लिबर्टेरियनांच्या लेखी सक्तीची भरती म्हणजे निव्वळ गुलामी. १९६९ मध्ये सेंट लुईस येथे ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’ या युवक संघटनेच्या अधिवेशनात एकाने भरतीचे कार्ड भर सभेत पेटवून दाखवले आणि सभागृहात हाणामारी जुंपली. त्यानंतर अनेक लिबर्टेरियन बाहेर पडले, काहींना काढले गेले. ऑगस्ट १९७१ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी वेतन आणि किमती गोठवल्या, तेव्हा त्या पक्षावरचा लिबर्टेरियनांचा उरलासुरला विश्वासही उडाला. डिसेंबरमध्ये लिबर्टेरियन पक्ष स्थापन झाला.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि समान शत्रूच नाहीसा झाला. पुढच्याच वर्षी परंपरावादी भाष्यकार पॅट ब्यूकॅनन यांनी व्यापार आणि स्थलांतर यांवर निर्बंध मागत पक्षांतर्गत निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांना आव्हान दिले. त्यांना पाठिंबा देणाऱ्यांत मरे रॉथबार्ड हे कट्टर लिबर्टेरियन अर्थतज्ज्ञही होते. व्यापारबंधनांच्या मुद्द्यावरून पुढे रॉथबार्ड यांचेही ब्यूकॅनन यांच्याशी बिनसले.