हिंसेच्या जोखमीचे मूल्यमापन व व्यवस्थापन (न्यायवैद्यक मानसोपचार परिचर्या)

मानसिक आजारामुळे न्यायालय वा तुरुंगामार्फत उपचारासाठी आलेल्या व्यक्तीच्या हातून हिंसा घडण्याची शक्यता किती, ती कोणाविरुद्ध, कशामुळे आणि केव्हा, याचा अंदाज बांधणे आणि ती घडू नये म्हणून उपाय योजणे, हे न्यायवैद्यक मानसोपचार परिचर्येतील एक मुख्य काम आहे. अशा रुग्णांच्या कक्षांत तुरुंगातून पाठवलेले कच्चे कैदी असतात, खटल्याला तोंड देण्यास असमर्थ ठरलेले आरोपी असतात, तसेच मनोविकृतीच्या कारणावरून दोषमुक्त झालेलेही असतात. भारतात हा बचाव भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. इंग्लंडमध्ये अशा रुग्णांसाठी १८६३ पासून ब्रॉडमूर हे स्वतंत्र रुग्णालय आहे. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये प्रामुख्याने सर्वसाधारण रुग्णांसाठी असली, तरी न्यायालयाच्या आदेशाने येणाऱ्यांचीही सोय तिथेच होते.

मानसिक आजार म्हणजे हिंसा, हे समीकरण चुकीचे आहे आणि या विषयावरच्या कोणत्याही लेखनाने ते आधी स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकेतील मॅकआर्थर अभ्यासात मनोरुग्णालयातून घरी गेलेल्यांचा पाठपुरावा केला गेला. त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. दारू वा अमली पदार्थांच्या आहारी नसलेल्या रुग्णांमध्ये हिंसेचे प्रमाण त्याच वस्तीतील, व्यसन नसलेल्या शेजाऱ्यांपेक्षा वेगळे आढळले नाही. व्यसन जोडले गेले की प्रमाण वाढते, हे रुग्णांना लागू आहे आणि शेजाऱ्यांनाही. जोखीम वाढवणाऱ्या गोष्टी नेमक्या असतात : पूर्वी केलेली हिंसा, व्यसन, कोणीतरी आपल्या जिवावर उठले आहे असा पक्का भ्रम, हुकूम देणारे आवाज, मध्येच थांबलेले औषध. निदानाचे नाव यातले फार थोडे सांगते.

धोकादायक कोण, हे केवळ अनुभवाच्या जोरावर ओळखता येते, असा डॉक्टरांचा व न्यायालयांचा दीर्घकाळ समज होता. त्याला पहिला मोठा धक्का १९६६ मध्ये बसला. बॅक्स्ट्रॉम खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालामुळे न्यूयॉर्क राज्यातील ‘गुन्हेगार मनोरुग्णां’च्या दोन रुग्णालयांतून नऊशेहून अधिक माणसे साध्या मनोरुग्णालयांत हलवावी लागली. ती सारी अतिधोकादायक म्हणून वर्षानुवर्षे कोंडलेली होती. पुढच्या चार वर्षांत त्यांच्यापैकी अगदी थोड्यांच्याच हातून गंभीर काही घडले. १९८१ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन मोनाहन यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा तज्ज्ञांनी हिंसक ठरवलेल्या दर तिघांपैकी फार तर एकाच्या बाबतीत भाकीत खरे ठरत असल्याचे दिसले.

त्यानंतर मोजमापाची साधने आली. कॅनडात १९९३ मध्ये मांडलेल्या एका पद्धतीत बारा बाबींचे गुण मिळवून संभाव्यतेचा आकडा काढला जाई. अंदाज वर्तवण्यात ती अनुभवापेक्षा सरस होती, पण तिच्यात बहुतेक बाबी भूतकाळातल्या. माणूस कितीही सुधारला तरी आकडा जवळपास तोच राहतो, मग परिचारिकेने त्याचे करायचे काय? ब्रिटिश कोलंबियातील ख्रिस्तोफर वेब्स्टर व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या ‘एचसीआर-२०’ या वीस बाबींच्या साधनाने वेगळी वाट धरली. त्यात दहा बाबी पूर्वेतिहासाच्या, पाच सध्याच्या स्थितीच्या आणि पाच पुढील काळातल्या परिस्थितीच्या आहेत. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत बेरजेला महत्त्व नाही. या व्यक्तीच्या बाबतीत हिंसा कशातून उद्भवते, ती पुन्हा घडलीच तर कोणत्या प्रसंगात, आणि तो प्रसंग टाळायचा कसा, हे शब्दांत मांडावे लागते. हे काम मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवा अधीक्षक व परिचारिका मिळून करतात.

महिन्यांचा वा वर्षांचा विचार असा होतो. आज दुपारी कक्षात काय होईल, हा प्रश्न मात्र परिचर्येचा आहे. डॉक्टर राऊंड घेऊन निघून जातात. रुग्ण जेवतो कसा, झोपतो किती, येरझाऱ्या घालतो का, काल बोलणारा आज भिंतीकडे तोंड करून का बसला आहे, हे अधिपरिचारिका आणि कक्षसेवक पाहत असतात. या निरीक्षणाला शिस्त देण्यासाठी नॉर्वेत ट्रॉन्हेम येथील ब्रोसेट विभागात रॉजर आल्मविक व फिल वुड्स यांनी ‘ब्रोसेट हिंसा तपासणी यादी’ विकसित केली. तिच्यात सहाच गोष्टी पाहायच्या : गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा व दांडगाई, तोंडी धमकी, अंगावर धावून जाण्याचा आविर्भाव आणि वस्तूंची आदळआपट. आढळली तर एक, नाही तर शून्य. शून्य आले तर जोखीम कमी, एक-दोन आले तर मध्यम, आणि तीन वा अधिक आले तर पुढच्या चोवीस तासांसाठी तातडीची योजना. रुग्ण एरवीच मोठ्याने बोलणारा असेल तर त्याबद्दल गुण द्यायचा नाही. नेहमीच्या वागण्यात वाढ झाली तरच द्यायचा. या अटीमुळेच यादीसाठी रुग्णाची रोजची ओळख लागते, आणि काल रुजू झालेल्या माणसाने ती एकट्याने भरून चालत नाही. मेलबर्नच्या थॉमस एम्ब्लिंग रुग्णालयातील सात बाबींची ‘डासा’ पद्धत (२००६) याच जातीची आहे. मागणी नाकारली की लगेच संताप येणे, ही तिच्यातली एक बाब.

अशा यादीचा उपयोग होतो का, हे स्वित्झर्लंडमध्ये यादृच्छिक चाचणीने, म्हणजे कोणत्या कक्षांत यादी वापरायची हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून, तपासले गेले (२००८). ही चाचणी तीव्र मानसोपचाराच्या सर्वसाधारण कक्षांत झाली. जिथे परिचारिकांनी दिवसातून दोनदा ब्रोसेट यादी भरली व गुणांनुसार पावले उचलली, तिथे गंभीर हल्ले ४१ टक्क्यांनी आणि सक्तीचे उपाय २७ टक्क्यांनी घटले. मोजणी आपोआप काही थांबवत नाही. तीन गुण नोंदवहीत लिहून पुढच्या पाळीला न सांगता घरी गेले तर ती नोंद व्यर्थ आहे, म्हणूनच ड्युटी बदलतानाची तोंडी माहिती ही या कामातली सर्वांत नाजूक जागा समजली पाहिजे.

नेदरलँड्समध्ये फ्रान्स फ्लुटर्ट यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या ‘पूर्वसूचना ओळख’ पद्धतीत परिचारिका आणि रुग्ण एकत्र बसून रुग्णाच्या स्वतःच्या इशाऱ्याच्या खुणा लिहून काढतात. एकाची झोप आधी उडते, दुसरा आंघोळ सोडतो, तिसऱ्याला दूरदर्शन संचावरची माणसे आपल्याविषयी बोलत आहेत असे वाटू लागते. खुणा दिसल्यावर कोणी काय करायचे, हेही दोघे आधीच ठरवतात. या पद्धतीचे मोल तंत्रापलीकडचे आहे : ज्याच्याविषयी मूल्यमापन चालले आहे तो माणूसच त्यात सहभागी होतो. आवाज ऐकू येणाऱ्याला सरळ विचारावे : तो आवाज काय सांगतो, कोणाचा आहे, त्याचे ऐकले नाही तर काय होईल असे वाटते, पूर्वी कधी त्याच्या सांगण्याप्रमाणे वागलात का? अशा प्रश्नांनी हिंसा सुचते ही भीती निराधार आहे. उलट, इतके दिवस कोणी विचारलेच नाही म्हणून बोललो नाही, असे सांगणारे रुग्ण भेटतात.

कक्षातील हिंसा अनेकदा कक्षाच्या व्यवहारातून पेटते. फोन नाकारला गेला, भेटीला घरचे आले नाहीत, न्यायालयाने पुन्हा पुढची तारीख दिली, औषधाच्या रांगेत कोणी ढकलले, बोलायला आपली भाषा समजणारे कोणी नाही. ब्रिटनमध्ये लेन बाॅवर्स यांनी यावरच ‘सेफवॉर्ड्स’ ही दहा उपायांची पद्धत उभारली. वाईट बातमी आधी कळवून ती सौम्यपणे कशी सांगायची, नकार कसा द्यायचा, रुग्ण व कर्मचारी यांनी एकमेकांची माणूस म्हणून ओळख कशी करून घ्यायची, असे तिचे स्वरूप साधे आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ३१ तीव्र मानसोपचार कक्षांपैकी ती राबवलेल्या ठिकाणी संघर्षाचे प्रसंग १५ टक्क्यांनी आणि कोंडणे-आवरणे यांसारखे उपाय २६.४ टक्क्यांनी कमी झाले. कुलपे, गस्त आणि झडत्या लागतातच. परंतु रुग्णाला ओळखणारी परिचारिका हीसुद्धा सुरक्षाव्यवस्थाच आहे, आणि भरती करताना हे विसरले जाते.

प्रसंग तापू लागला तर शांतवण्याची रीत ठरलेली आहे. एकानेच बोलावे, बाकीच्यांनी मागे राहून इतर रुग्णांना दूर न्यावे. हाताच्या अंतरापलीकडे, किंचित तिरके उभे राहावे, हात दिसू द्यावेत, दार अडवू नये. रुग्णाची आणि स्वतःची, दोघांची वाट मोकळी हवी. आवाज खाली, वाक्ये छोटी. ‘शांत व्हा’ असे दरडावण्यापेक्षा ‘दादा, काय झालं ते मला सांगा’ हे कितीतरी परिणामकारक. शक्य असेल तिथे दोन पर्याय पुढे ठेवावेत, आणि पाळता येणार नाही असे वचन कधी देऊ नये.

बोलणे निष्फळ ठरले तर औषध. हॅलोपेरिडॉल व प्रोमेथाझिन ही शांत करणारी औषधे एकत्र टोचण्याच्या पद्धतीला भक्कम आधार मिळाला तो रिओ दि जानेरो आणि वेल्लोर येथील चाचण्यांतून. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील २००४ च्या चाचणीत २०० रुग्ण होते. इंजेक्शननंतर श्वास, नाडी, रक्तदाब व शुद्ध यांवर लक्ष ठेवणे ही परिचारिकेची जबाबदारी आहे.

शारीरिक आवर, म्हणजे रुग्णाला बळाने धरून वा बांधून ठेवणे, हा शेवटचा उपाय आहे आणि तो जीवघेणा ठरू शकतो. १९९८ मध्ये इंग्लंडमधील नॉरिच येथील सुरक्षित कक्षात डेव्हिड बेनेट हा कृष्णवर्णीय रुग्ण, कर्मचाऱ्यांनी पालथे दाबून धरलेले असताना मरण पावला. त्याआधी एका रुग्णाने त्याला वंशद्वेषी शिव्या दिल्या होत्या. चौकशीने त्यातील वंशभेदावरही बोट ठेवले. आवरलेल्या माणसाच्या डोक्यापाशी एक जण केवळ श्वास व चेहरा पाहण्यासाठी असावा, पालथे दाबणे टाळावे, हा धडा अशाच मृत्यूंतून आला. भारतात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम ९७ एकांतकोंडीला मनाई करते. अनेक देशांत ती अजून चालते. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल आणि प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाची मंजुरी असेल तरच शारीरिक आवर घालता येतो. कारण, पद्धत व कालावधी लगेच नोंदवायचा, नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला) २४ तासांत कळवायचे, दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल द्यायचा. शिक्षा म्हणून किंवा केवळ माणसे कमी आहेत म्हणून आवर घालणे बेकायदा आहे. कलम ९५ साखळदंडांवर बंदी घालते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी जखडलेले २८ जण जळून मेले, हे लक्षात घेता ही बंदी किती गरजेची होती ते कळते.

चुकीच्या अंदाजाची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. समजा, १०० रुग्णांपैकी ५ हिंसक होणार आहेत आणि साधन दर पाचांत चार वेळा अचूक ठरते. ते पाचांपैकी चौघांना पकडेल, पण उरलेल्या ९५ मधील १९ जणांनाही धोकादायक ठरवेल. तेवीस शिक्क्यांमागे खरे चार. चुकलेला एक रुग्ण वृत्तपत्रात येतो. विनाकारण अडकलेले एकोणीस कोणाच्या नजरेस पडत नाहीत. आसाममध्ये १९५१ साली अटक झालेला एक आदिवासी तरुण १९६७ मध्ये बरा ठरवला गेला, तरी २००५ पर्यंत, एकूण ५४ वर्षे, खटल्याविना बंदिस्त राहिला. म्हणून जोखीम कमी झाल्याची नोंद वाढल्याच्या नोंदीइतक्याच काळजीने करणे आणि ती न्यायालयाला व मंडळाला जाणाऱ्या अहवालात पोहोचते की नाही हे पाहणे, हा परिचर्येचा भाग आहे.

रुग्णाच्या हातून हिंसा घडलीच तर ती बहुधा घरच्यांवर किंवा ओळखीच्यांवर होते. घरी पाठवण्याची योजना त्यामुळे आई, पत्नी, भाऊ यांना बरोबर घेऊनच करावी लागते : औषध कोण देणार, दारूपासून कसे लांब ठेवायचे, पूर्वी घडले तेव्हा आधी कोणत्या खुणा दिसल्या होत्या, पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयात कधी. घरच्यांना भीती वाटत असेल तर ती ऐकून घेऊन नोंदवावी. तीसुद्धा मूल्यमापनातील माहितीच आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस दूरध्वनी मदतवाहिनी चोवीस तास चालते. रुग्णाच्या सुट्टीच्या कागदावर हा क्रमांक, कक्षाचा दूरध्वनी आणि पूर्वसूचनेच्या खुणा मराठीत किंवा घरच्यांना वाचता येईल त्या भाषेत लिहून द्याव्यात.