जागतिक तापमानवाढ

जागतिक तापमानवाढ : पृथ्वीच्या पृष्ठभागालगतची हवा आणि महासागरांचे पृष्ठजल यांच्या दीर्घकालीन सरासरी तापमानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून होत असलेली वाढ. १८५०–१९०० या कालखंडाच्या सरासरीशी तुलना करता २०११–२० या दशकाचे तापमान सुमारे १.१° से.ने अधिक होते. जागतिक हवामान संघटनेच्या अनुमानानुसार २०२४ हे मापनाच्या इतिहासातील सर्वांत उष्ण वर्ष असून त्या वर्षीचा फरक सुमारे १.५५° से. इतका होता. मात्र त्यात २०२३–२४ च्या एल निनोचाही (प्रशांत महासागराचे विषुववृत्तीय पृष्ठजल नेहमीपेक्षा अधिक तापण्याची घटना) वाटा असल्याने एका वर्षाच्या आकड्यावरून दीर्घकालीन पातळी ठरविली जात नाही.

तुलनेसाठी १८५०–१९०० हा कालखंड घेण्यामागे सोयीचा भाग मोठा आहे. उपकरणांनी केलेल्या नोंदी पुरेशा संख्येने याच काळापासून मिळतात, आणि त्याही प्रामुख्याने यूरोप, उत्तर अमेरिका व व्यापारी सागरी मार्ग यांवरच्या आहेत. दगडी कोळशाचा औद्योगिक वापर त्याच्या शंभरेक वर्षे आधीच सुरू झाला होता. १७५० ते १८५०–१९०० या दरम्यानची वाढ साधारण ०.१° से. असावी असे मानले जाते, परंतु या अंदाजातील अनिश्चितता अंदाजाहून मोठी आहे. अमेरिकन भूवैज्ञानिक विल्यम रडिमन यांनी २००३ मध्ये मानवी हस्तक्षेपाचा आरंभ याहूनही फार मागे नेला. सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या जंगलतोडीने कार्बन डाय-ऑक्साइड, तर सुमारे ५,००० वर्षांपूर्वीपासून वाढत गेलेल्या भातशेतीने मिथेन वाढविला, असे त्यांचे प्रतिपादन होते. कार्बन डाय-ऑक्साइडच्या त्या वाढीचे स्पष्टीकरण महासागर व भूपृष्ठ यांच्यातील नैसर्गिक देवाणघेवाणीने होऊ शकते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मिथेनविषयीचा भाग मात्र अधिक गांभीर्याने घेतला जातो. प्रस्तुत नोंदीत तापमानवाढ ही संज्ञा औद्योगिक काळापुरतीच वापरली आहे.

कारणांचा शोध : सूर्यप्रकाशाने तापलेला भूपृष्ठ अवरक्त प्रारणाच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णता-किरणांच्या) रूपाने उष्णता बाहेर टाकतो. बाष्प, कार्बन डाय-ऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड इ. वायू या प्रारणाचे शोषण करून त्याचा काही भाग पुन्हा खाली पाठवितात. हा हरितगृह परिणाम नसता, तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १५° से. ऐवजी उणे १८° से.च्या आसपास राहिले असते. वातावरणामुळे उष्णता अडते ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ जोझेफ फूरिए यांनी १८२४ मध्ये मांडली, परंतु ती कोणत्या वायूंमुळे अडते हे त्यांनी सांगितले नव्हते.

या वायूंच्या उष्णता शोषण्याच्या गुणधर्माचा शोध प्रथम कोणी लावला याविषयी अलीकडे बरीच चर्चा झाली आहे. दीर्घकाळ हे श्रेय आयरिश भौतिकीविज्ञ जॉन टिंडल यांना दिले जात असे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८५९ पासून केलेल्या प्रयोगांत त्यांनी बाष्प व कार्बन डाय-ऑक्साइड हे उष्णता-प्रारण शोषतात, तर ऑक्सिजन व नायट्रोजन जवळजवळ शोषत नाहीत, असे दाखविले. तथापि अमेरिकेतील युनिस न्यूटन फूट यांनी १८५६ मध्येच काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली होती आणि कार्बन डाय-ऑक्साइड भरलेले नळकांडे सर्वाधिक तापते व निवायला अधिक वेळ घेते असे नोंदविले होते. अशा वायूचे वातावरण असल्यास पृथ्वीचे तापमान अधिक असेल, हा निष्कर्षही त्यांच्या लेखात आहे. त्यांचा निबंध ऑल्बनी येथील वैज्ञानिक परिषदेत जोझेफ हेन्री यांनी वाचला, त्याच वर्षी तो प्रसिद्धही झाला, आणि पुढे दीडशे वर्षे विस्मृतीत गेला. २०११ नंतर तो पुन्हा प्रकाशात आला. टिंडल यांना या कार्याची माहिती होती की नाही हे निश्चित सांगता येत नाही. ती नसावी, या मताकडे इतिहासकारांचा कल दिसतो. फूट यांच्या मांडणीत थेट सूर्यप्रकाश वापरला होता आणि काच दीर्घ तरंगलांबीचे अवरक्त प्रारण आत येऊ देत नाही, त्यामुळे भूपृष्ठाकडून येणाऱ्या प्रारणाचे शोषण त्यांनी मोजले असे म्हणता येत नाही. वायू व हवामान यांची सांगड घालण्याचा अग्रमान फूट यांचा, तर भौतिक यंत्रणा सिद्ध करण्याचा टिंडल यांचा, ही विभागणी अधिक समाधानकारक वाटते.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण दुप्पट झाल्यास तापमान ५°–६° से.ने वाढेल असे गणित मांडले. त्यांचे मूळ कुतूहल हिमयुगांच्या कारणांविषयी होते आणि अशी दुप्पट वाढ होण्यास हजारो वर्षे लागतील असे त्यांना वाटत होते. स्वीडिश भौतिकीविज्ञ क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी १९०० मध्ये त्यावर आक्षेप घेतला, की या वायूचे शोषण आधीच पूर्णत्वास पोहोचले असल्याने अधिक वायूने फरक पडणार नाही. हा आक्षेप आजही अधूनमधून नव्याने मांडला जातो, म्हणून त्याचे उत्तर थोडक्यात देणे इष्ट आहे. अवकाशात निसटणारे प्रारण वातावरणाच्या वरच्या, विरळ व थंड थरांतून बाहेर पडते. वायूचे प्रमाण वाढले की प्रारण निसटण्याची ही पातळी आणखी उंच व आणखी थंड भागात सरकते, बाहेर जाणारी ऊर्जा घटते आणि संतुलन पुन्हा साधेपर्यंत भूपृष्ठ तापत राहतो. खालचा थर प्रारणास अपारदर्शक असला, तरी या प्रक्रियेत बाधा येत नाही. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे व रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये वातावरणातील उष्णतेचे ऊर्ध्व वहन लक्षात घेऊन दुपटीसाठी सुमारे २.३° से. हे मूल्य काढले. आज ३° से. हे सर्वांत संभाव्य मूल्य आणि २.५° ते ४° से. ही संभाव्य कक्षा मानली जाते.

तापमान खरोखर वाढत असल्याचे प्रथम पद्धतशीरपणे दाखविणारे गाय स्टुअर्ट कॅलेंडर हे पेशाने वाफेच्या तंत्राचे अभियंता होते. १९३८ मध्ये त्यांनी जगभरातील स्थानकांच्या नोंदी एकत्र करून ही वाढ इंधनज्वलनाशी जोडली. गंमत अशी, की ती मानवाला हितकारक ठरेल असे त्यांचे मत होते. हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये अखंड मापन सुरू केले, तेव्हा कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहे. औद्योगिक काळापूर्वी ते सुमारे २८० होते, आणि अंटार्क्टिकातील हिमगाभ्यांवरून (हिमथर खोल खणून काढलेल्या बर्फाच्या दंडगोलांवरून) त्यापूर्वीच्या आठ लाख वर्षांत ते साधारण ३०० च्या वर गेले नसल्याचे दिसते.

ही वाढ मानवनिर्मित आहे याचा पुरावा मुख्यतः कार्बनच्या समस्थानिकांतून (एकाच मूलद्रव्याच्या निराळ्या अणुवस्तुमानाच्या रूपांतून) मिळतो. जीवाश्म इंधनांत किरणोत्सर्गी कार्बन-१४ उरलेला नसतो व कार्बन-१३ कमी असतो. वातावरणात या दोहोंचे प्रमाण घटत आले आहे. शिवाय तपांबर (वातावरणाचा सर्वांत खालचा थर) तापत असताना त्यावरील स्थितांबर थंड होत आहे. सूर्याची दीप्ती वाढल्याने तापमान चढले असते, तर दोन्ही थर तापले असते. कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू व सिमेंटनिर्मिती यांतून दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. जंगलतोडीची भर धरून होणाऱ्या एकूण उत्सर्जनापैकी निम्म्याहून थोडा कमी भाग हवेत राहतो, उरलेला वनस्पती, मृदा व महासागर शोषतात. मिथेनचे मानवनिर्मित स्रोत म्हणजे रवंथ करणारी जनावरे, भातखाचरे, कचरा व इंधनउद्योग. याउलट गंधकयुक्त वायुकलिले (हवेत तरंगणारे सूक्ष्म कण) सूर्यप्रकाश परावर्तित करून काही तापमानवाढ झाकून टाकतात.

परिणाम : अडलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के महासागरांत जाते. पाण्याचे प्रसरण आणि हिमनद्या व हिमस्तर यांचे वितळणे यांमुळे १९०१ ते २०१८ या काळात जागतिक समुद्रपातळी सरासरी २० सेंमी.ने वाढली. हवा १° से.ने तापली, की तिची बाष्पधारणक्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, म्हणून अतिवृष्टी अधिक तीव्र होते. विरघळलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडमुळे सागरजलाची आम्लता वाढते. प्रवाळांना त्याचा आणि उष्णतेचा असा दुहेरी ताण पडतो.

भारतात १९०१–२०१८ या काळात सरासरी तापमान सुमारे ०.७° से.ने वाढले. जागतिक सरासरीहून ही वाढ कमी आहे, आणि त्यामागे दाट वायुकलिले व उत्तर भारतातील विस्तृत सिंचन यांचा वाटा असावा असे मानले जाते. मॉन्सूनविषयीचे चित्र सरळ नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेल्या २०२० च्या मूल्यमापनानुसार १९५१–२०१५ या काळात जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. गंगेचे मैदान व पश्चिम घाट येथे ही घट लक्षणीय आहे, तर मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिमी. पाऊस पडला, पण कुलाबा येथे ७५ मिमी.ही पडला नाही. इतक्या स्थानिक स्वरूपाच्या एकेका घटनेचे श्रेय थेट तापमानवाढीला देणे धाडसाचे होईल. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या व तीव्रता १९८० च्या दशकानंतर वाढल्याचे दिसते. कोकण किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी आलेले निसर्ग चक्रीवादळ या संदर्भात उद्धृत केले जाते, मात्र उपग्रहपूर्व काळातील नोंदी विरळ असल्याने दीर्घ कल ठरविणे अवघड आहे.

मुंबईतील अपोलो बंदर येथे १८७८ पासून भरतीमापकाच्या नोंदी आहेत; हिंदी महासागरातील सर्वांत दीर्घ नोंदींपैकी ती एक होय. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या उन्नीकृष्णन व शंकर यांनी २००७ मध्ये अशा नोंदींवरून उत्तर हिंदी महासागरातील पातळीवाढ वर्षाला सरासरी १.३ मिमी. असल्याचे दाखविले. हा आकडा विसाव्या शतकाचा असून त्यानंतरचे उपग्रहाधारित दर याहून बरेच अधिक आहेत.

नियमनाचे प्रयत्न १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल चौकट करारापासून सुरू झाले. १९९७ च्या क्योटो संहितेने औद्योगिक देशांवर उत्सर्जनघटीचे बंधन घातले. २०१५ च्या पॅरिस करारात वाढ २° से.हून बरीच कमी ठेवणे व ती १.५° से.पर्यंत मर्यादित करण्याचा प्रयत्न करणे हे उद्दिष्ट ठरले. निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी (जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण, ही स्थिती) भारताने २०७० हे वर्ष जाहीर केले आहे. कार्बन डाय-ऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन थांबल्यावर तापमान साधारणतः स्थिरावेल, समुद्रपातळी मात्र त्यानंतरही अनेक शतके वाढत राहील, असा अंदाज आहे.