कंट्रोलर सेटिंग, बॅटरी बदललेल्या विद्युत वाहनांचे

विद्युत वाहनाच्या मोटर कंट्रोलरमध्ये, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या पेटीत, साठवलेल्या व्होल्टेज आणि करंटच्या मर्यादा नव्या बॅटरीला मानवतील अशा बदलून घेण्याचे काम. ई-रिक्षा, मालवाहू तीनचाकी किंवा स्कूटरमधून लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या काढून लिथियम पॅक बसवला की ते करावेच लागते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे वाहणाऱ्या गाडीला चुकीचे सेटिंग लगेच भोवते, कारण ओझे जड आणि दर चौकात थांबून पुन्हा उठायचे.

पॅकवर ४८ व्होल्ट लिहिले आहे एवढ्यावरून सेटिंग ठरत नाही. १२ व्होल्टच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांसाठी खालचा कटऑफ, म्हणजे ज्या व्होल्टेजला कंट्रोलर पुरवठा थांबवतो तो आकडा, साधारण ४२ व्होल्ट असतो, म्हणजे प्रत्येकी १०.५. हाच आकडा १३ सेलच्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या लिथियम) पॅकला चालून जातो. तिथे सेलमागे ३.२ व्होल्ट उरतात. पण लिथियमच्याच लोह-फॉस्फेट प्रकाराच्या १६ सेलच्या पॅकमध्ये ४२ व्होल्ट म्हणजे सेलमागे जेमतेम २.६, पॅक तळाशी गेलेला असतो. फॉस्फेट सेलचे व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ सपाट राहते आणि शेवटी एकदम कोसळते. म्हणून अशा पॅकला ४८ व्होल्टपासून करंट हळूहळू उतरवावा आणि ४५ च्या आसपास पूर्ण बंद करावा. चालकाला गाडी मंदावल्याचे कळते, घर गाठता येते. कंट्रोलर जास्तीत जास्त किती व्होल्ट सोसतो, ती वरची मर्यादाही तपासावी लागते. पूर्ण चार्ज झालेला २० सेलचा एनएमसी पॅक ८४ व्होल्टला असतो, तर २४ सेलचा फॉस्फेट पॅक ८७.६ ला, आणि दोन्ही ७२ व्होल्टचे म्हणूनच विकले जातात.

सर्वांत जास्त गाड्या अडतात त्या मात्र करंटमुळे. लेड-अ‍ॅसिडवर ५० अँपिअर ओढणारा कंट्रोलर तसाच ठेवला आणि नव्या पॅकच्या बीएमएसची (सेलचे रक्षण करणाऱ्या पॅकमधल्या सर्किटची) मर्यादा ४० अँपिअर असली, तर चढावर किंवा भरल्या गाडीला उठताना बीएमएस पुरवठा तोडतो. गाडी भर रस्त्यात मरते; चावी बंद करून पुन्हा फिरवली की बहुधा चालू होते. दोष बॅटरीच्या माथी मारला जातो आणि चांगला पॅक परत पाठवला जातो. बीएमएस हा शेवटचा बंधारा आहे. कंट्रोलरने त्याच्या आधीच हात आखडता घ्यावा, या उदाहरणात ३५ अँपिअरला. सगळ्या सेटिंगचे सार एवढेच आहे.

पिकअप गेला म्हणून बॅटरी करंट वाढवून मागणारे पुष्कळ. पण कमी वेगात मोटरच्या वायंडिंगमधला फेज करंट बॅटरी करंटच्या कितीतरी पट असतो, आणि जागेवरून उठण्याचा जोर त्यावरच ठरतो. त्यामुळे बॅटरी करंट आवरून फेज करंट बेताने वाढवला तरी गठ्ठे भरलेली गाडी नीट उठते. बेताने अशासाठी, की करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना, किंवा गड्ड्याच्या यात्रेत मुंगीच्या पावलाने चालताना, कंट्रोलरला ती बाहेर टाकायला वाव मिळत नाही.

रिजन, म्हणजे ब्रेक लावताना बॅटरीत परत जाणारा करंट, पॅकच्या चार्जिंग मर्यादेच्या आत हवा. भरलेल्या पॅकवर रिजन चालू राहिले आणि बीएमएसने सर्किट तोडले, तर व्होल्टेज उसळून कंट्रोलरचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जळू शकतात. शहरातल्या बहुतांशी सपाट रस्त्यांवर त्यातून मिळणारी बचत थोडीच. ते कमी ठेवणे शहाणपणाचे.

कंट्रोलरच्या ब्रँडपैकी फारड्रायव्हरची सेटिंग मोबाइल अ‍ॅपवरून ब्लूटूथने बदलता येतात, वोटॉलला बहुधा केबल आणि संगणक लागतो. स्वस्त ई-रिक्षांतील अनेक कंट्रोलर मात्र बदलताच येत नाहीत. तिथे पॅकचा बीएमएसच मोठ्या क्षमतेचा निवडावा, किंवा कंट्रोलर बदलावा. काम सुरू करण्याआधी जुन्या सर्व आकड्यांचे फोटो काढून ठेवावेत, चाक जमिनीपासून उचलावे, एका वेळी एकच आकडा बदलावा. खरी परीक्षा भरल्या गाडीवर, क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारे यंत्र) लावूनच होते.

ई-रिक्षाची वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे, ती सेटिंगमधून ओलांडणे बेकायदा ठरते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. बॅटरीचा प्रकार बदलण्यापूर्वी आरटीओकडे विचारणा करावी.